मांडवभर वेल, घड एकही नाही

२०२३चा पाडवा झाला आणि तासगावाकडचा माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, एका लग्नासाठी पुण्यात आला. दुपारी आमच्या मागच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, सासूबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. वर बघितलं, पुन्हा बघितलं, उठून एक काडी खाली ओढली आणि म्हणाला, "वेल न्हाई ही. छत्री हाय."

मला राग आला. दोन वर्षं जीव लावलेला वेल होता. दहा बाय बारा फुटांचा लोखंडी पाइपांचा मांडव, सात फूट उंचीवर तारांची जाळी आणि त्यावर ऊन खाली येणार नाही इतकी हिरवीगार पानं. येणारा-जाणारा कौतुक करायचा. घड मात्र आजवर एकही लागला नव्हता, आणि ते मी कुणाला आपणहून सांगत नव्हते.

या वेलाला फळ का आलं नाही आणि मग कसं आलं, ते इथे मांडते आहे. घराच्या आवारात द्राक्ष लावणाऱ्या बऱ्याच जणांचा वेल असाच पानांवर थांबलेला मी नंतर पाहिला.

लागवड फेब्रुवारी २०२१ची. एका रोपवाटिकेतून दोन कलमं आणली होती. विकणाऱ्याने जात 'गणेश' सांगितली आणि 'वर्षात फळ' असंही सांगितलं. गणेश म्हणजे तास-ए-गणेश. थॉमसन सीडलेसमधून निघालेली ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावची, म्हणजे माझ्या आतेच्या गावाकडचीच. म्हणून हौसेने तीच घेतली. दोन-दोन फुटांचे खड्डे, तळाला पालापाचोळा, वर शेणखत आणि निंबोळी पेंड. इथवर काही चुकलं नव्हतं.

पहिली चूक दुसऱ्या रोपावर झाली, आणि ती मला दोन वर्षं कळलीच नाही. द्राक्षाचं कलम म्हणजे खाली एका जातीचा खुंट आणि वर दुसऱ्या जातीची काडी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी खुंट डॉगरिज जातीचा असतो, कारण तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो. पण तो अंगाने दांडगा. कलमाच्या जोडाखालून त्याचे फुटवे येत राहतात, आणि ते वेळच्या वेळी मोडले नाहीत तर वरची काडी उपाशी मरते. मी जोराने वाढणारी फूट बघून खूश होत होते आणि तीच सुतळीने बांबूला बांधत होते. दादाने दोन्ही वेलांची पानं शेजारी-शेजारी धरली. एकाचं पान खाचांचं, ओळखीचं. दुसऱ्याचं लहान, गोलसर, खाचा जवळजवळ नाहीतच, आणि कोवळ्या शेंड्यावर पांढरी लव. मांडवाचा निम्मा भाग मी निव्वळ खुंटाला देऊन टाकला होता! तो वेल त्याच संध्याकाळी मुळापासून काढला. त्याच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

उरला एक, खऱ्या गणेशचा. त्याचं दुखणं वेगळं होतं.

"ह्या काड्या कुणी छाटल्या?"

"मीच. जानेवारीत."

"जानेवारीत आमच्याकडं घडात पानी उतरत असतंय, आन् तू कात्री लावलीस?"

जानेवारीत छाटायचं हे मी व्हिडिओ बघून शिकले होते. व्हिडिओतल्या बाईच्या अंगावर जाड कोट होता आणि मागे बर्फ दिसत होता. ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. थंड देशात द्राक्षाची पानं हिवाळ्यात गळून पडतात आणि वेल झोपतो. झोपेत असताना छाटला की वसंतात फुटतो, फुलतो. तिथे वर्षाला एक छाटणी पुरते, कारण वेलाला झोपवायचं आणि उठवायचं काम थंडी करते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, बारा महिने वाढत राहतो. म्हणून थंडीचं काम माणसाला कात्रीने करावं लागतं, आणि तेही दोनदा. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, जिला जुनी माणसं गोडी छाटणी म्हणतात. खरडीनंतर येणाऱ्या काड्या फळासाठी नसतात. त्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पुढची फूट जिथून निघते त्या कळ्यांत, घड तयार व्हावा म्हणून त्या वाढवायच्या. ऑक्टोबरात त्याच काड्या मोजून छाटल्या की डोळ्यात दडलेला घड बाहेर पडतो.

हे दादाने सांगितलं तेव्हा मी एक बाळीचा प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तराने सगळं प्रकरण उलगडलं. वेल आधाराला ज्या तंतूने विळखा घालतो त्याला द्राक्षवाले बाळी म्हणतात. आमच्या वेलावर बाळ्यांचा सुकाळ होता. मी विचारलं, "एवढ्या बाळ्या कशाला येतात?" दादा म्हणाला, "त्यो तुझा घडच हाय. जिरलेला."

ही नुसती बोलण्याची पद्धत नाही, शब्दशः खरं आहे. काडीवरच्या डोळ्यात, पानाच्या बगलेत, एक अगदी सूक्ष्म उंचवटा तयार होतो. त्याचा घड व्हायचा की बाळी, हे आधी ठरलेलं नसतं. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत ते ठरतं. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडलं, वाढीचा जोर थोडा आवरला गेला, तर घडाकडे कल जातो. सावली, भरपूर पाणी आणि भरपूर नत्र मिळालं तर वेल पसरण्याच्या नादात राहतो आणि त्या उंचवट्याची बाळी होते. एप्रिलच्या सुरुवातीची छाटणी धरली तर हे दिवस येतात मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मी फळाची वाट जानेवारीत बघत होते, आणि त्याचा निकाल मे-जूनमध्येच लागून गेलेला असायचा.

त्या मे महिन्यांत मी काय करत होते? रोज संध्याकाळी नळी लावून पाणी, कारण उन्हाळा आहे, बिचाऱ्या वेलाला तहान लागत असेल. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत टोपलीभर. पानं काढायची नाहीत, कारण सासूबाईंची दुपारची खुर्ची त्याच सावलीत. वेलाची बाळी करायला जे-जे लागतं ते सगळं मी मनापासून पुरवत होते.

जानेवारीच्या छाटणीत आणखी एक गफलत होती, लांबीची. व्हिडिओत प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर कापत होते, म्हणून मीही तसंच केलं. बेंगलोर ब्ल्यूसारख्या काही जातींत काडीच्या बुडाच्या डोळ्यांतही घड असतो, तिथे हे चालतं. थॉमसन आणि तिच्या कुळातल्या जातींत बुडाचे डोळे बहुधा वांझ असतात, घड काडीच्या मधल्या डोळ्यांत बसतो. म्हणजे चुकून एखादा घड डोळ्यात तयार झाला असता, तरी तो मी कात्रीने कापून कचऱ्यात टाकला असता.

पुण्यातच मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७पासून. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. मी मात्र बर्फातल्या बाईचं ऐकत बसले होते.

खरड छाटणी ९ एप्रिलला, रविवारी केली. दादा फोनवर व्हिडिओ कॉल लावून बसला आणि मी शिडीवर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन. मुख्य फांद्या, ज्यांना ओलांडे म्हणतात, त्या तेवढ्या ठेवायच्या आणि त्यांवरची प्रत्येक काडी एका डोळ्यावर आणायची. तासाभरात मांडव उघडा पडला. तारा, चार ओलांडे आणि वर एप्रिलचं ऊन. सासूबाई काही बोलल्या नाहीत. खुर्ची उचलून पोर्चमध्ये नेली आणि तिथून आठवडाभर माझ्याकडे बघत राहिल्या.

मांडव घालताना हा पेच आमच्या लक्षात आला नव्हता. लोक घरी द्राक्षाचा मांडव घालतात तो निम्मा सावलीसाठी. आणि फळ हवं असेल तर नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो बोडका करावा लागतो. सावलीच हवी असेल तर कृष्णफळ लावा, मधुमालती लावा. द्राक्षाकडून दोन्ही मागू नये.

पुढचे दोन महिने या प्रकरणाचा गाभा आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुरुवातीला पाणी भरपूर दिलं. दुपारी ओलांड्यांवर पाणी शिंपडलं, त्याने डोळे सारखे फुटायला मदत होते. बारा-पंधरा दिवसांत फुटी आल्या, साठ. दादा म्हणाला, दीड-दोन चौरस फुटांना एक काडी पुरे, पण आपला वेल अजून लहान आहे, बावीस ठेव. अडतीस कोवळ्या फुटी स्वतःच्या हाताने मोडायच्या! मी तीन दिवस टाळलं, चौथ्या दिवशी मोडल्या. राहिलेल्या फुटींना सात पानं झाल्यावर वरची दोन पानं धरून शेंडा मारला. मग पाचव्या पानाच्या बगलेतून नवी फूट निघाली, ती पुढे वाढू दिली. याला सबकेन म्हणतात, आणि जिथे शेंडा मारला तिथे काडीवर एक गाठ पडते. शेंडा मारल्याने वाढीचा जोर मोडतो आणि गाठीच्या आसपासचे डोळे फळाचे होण्याची शक्यता वाढते. ऑक्टोबरात कुठे कापायचं याची ती खूणही असते.

मेच्या विसाव्या दिवसापासून पाणी निम्म्यावर आणलं. ओल्या कचऱ्याचं खत बंद. वेलाची पानं दुपारी किंचित मलूल दिसायची आणि माझा हात नळीकडे जायचा. एकदा गेलाही. शेजारच्यांच्या आंब्याची एक फांदी सकाळचं ऊन अडवत होती, ती त्यांना विचारून काढली. त्यांनी बदल्यात 'पहिला घड आमचा' असं वचन घेतलं. त्या वेळी दोघांनाही ती थट्टाच वाटली.

पावसाळ्यात काम एकच, पानं टिकवायची. पानं गेली तर काडी पिकत नाही. हिरव्या काडीची तपकिरी, कडक काडी होणं म्हणजे काडी पक्व होणं, आणि कच्च्या काडीतला घड अशक्त निघतो. करपा आणि केवडा या दोन बुरशीजन्य रोगांवर बोर्डो मिश्रण मारलं. घरगुती प्रमाण सोपं आहे, एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. पहिल्या खेपेला माझा चुना जुना, हवा लागलेला होता. पानांच्या कडा जळाल्या. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघायचा असतो. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, चुना वाढवायचा. हा खिळा मी पानं जळाल्यावर बुडवला.

सप्टेंबरात दादा परत आला आणि चार काड्या कापून गावी घेऊन गेला. द्राक्षपट्ट्यात फळछाटणीआधी डोळे तपासून घ्यायची पद्धत आहे. डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. चौथ्या दिवशी फोन आला. गाठीजवळच्या एका-दोन डोळ्यांत घड दिसतोय, चारपैकी तीन काड्यांत. मला पेढे वाटावेसे वाटले. दादा म्हणाला, डोळ्यातला घड म्हणजे पोटातलं पोर, अजून लई वेळ हाय.

फळछाटणी १४ ऑक्टोबरला ठरवली होती. शनिवार, सुट्टी. पण ती निघाली सर्वपित्री अमावास्या. सासूबाई म्हणाल्या, आज झाडाला लोखंड लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला, घट बसवून झाल्यावर, छाटलं. दहा दिवस आधीपासून पाणी तोडलं होतं आणि पानं हातांनी काढून टाकली होती. गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून प्रत्येक काडी कापली. उरलेल्या अठरा.

बागेत छाटणीनंतर लगेच डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. ते औषध भलतं विषारी, हातमोजे-मास्क घालून लावायचं. दादाने घरच्या अंगणासाठी साफ नाही म्हणून सांगितलं. त्याऐवजी काड्या कमानीसारख्या वाकवून तारेला बांधल्या. सरळ काडीचा शेंड्याचा डोळा सगळा जोर ओढून घेतो, वाकवली की मागच्या डोळ्यांनाही संधी मिळते. तरी फूट एकसारखी आली नाहीच. काही डोळे बाराव्या दिवशी कापसले, काही बाविसाव्या दिवशी, चार काड्या तशाच राहिल्या. कापसणं म्हणजे फुगलेल्या डोळ्यातून पांढरट कापूस दिसणं. याच वेळी उडद्या नावाचे बारीक भुंगेरे फुगलेला डोळा कुरतडून पोकळ करतात. सकाळी लवकर मांडवाखाली जुनी चादर पसरून तारा हलवायच्या, पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे. दोन आठवडे सकाळचा चहा यातच निवायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाचव्या पानासमोर हिरवा, मिरीच्या दाण्यांच्या झुपक्यासारखा काहीतरी आकार दिसला. मी आधी बाळीच समजले. फोटो पाठवला. दादाने उत्तरात फक्त नारळाचं चित्र पाठवलं. मोजले तेव्हा सतरा घड होते.

२६ नोव्हेंबरला अवकाळी आला. नाशिककडे त्या दिवशी गारांनी द्राक्षबागा झोडपल्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे गारा नव्हत्या, नुसता पाऊस आणि मागाहून ढगाळ हवा. पण आमचा वेल त्या वेळी नेमका फुलोऱ्यात होता, छाटणीनंतर बेचाळिसावा दिवस. तीन दिवसांनी पानांच्या वरून पिवळे तेलकट डाग आणि खालून पांढरी लव दिसली. केवडा. घडांवरही उतरला. फुलोऱ्यात बोर्डो मारायचं माझं धाडस झालं नाही. डागाळलेली पानं आणि आठ घड कापून पिशवीत बांधून कचऱ्यात दिले. नऊ राहिले. त्या पावसाआधीच घडांसमोरची दाट पानं विरळ करून वारा खेळता ठेवला असता तर दोन-चार घड आणखी वाचले असते, असं मला वाटतं. दादाला ते पटत नाही. तो म्हणतो, अवकाळीपुढं कुणाचं काय चालत नसतंय.

राहिलेल्या नऊ घडांना प्रत्येकी बारा-पंधरा पानं मिळतील एवढी वाढ ठेवून शेंडे मारले. मणी ज्वारीएवढे असताना बारीक कात्रीने घडातले काही मणी काढले. मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून घातल्या, कारण बुलबुलांची जोडी जानेवारीपासूनच मांडवावर मुक्काम ठोकून होती. एका पिशवीची गाठ सुटली, एक घड त्यांचा. आणखी एक उशिराचा घड आंबटच राहिला. तोडल्यावर द्राक्ष पिकत नाही, म्हणून वेलावरच ठेवला, आणि तिथेच सुकला.

३ मार्च २०२४ला, छाटणीपासून १४० दिवसांनी, सात घड काढले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ किलो ६०० ग्रॅम भरले. मणी बाजारातल्या मण्यांच्या निम्मे. बाजारातले लांबट, टपोरे मणी जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) नावाच्या, वाढ घडवणाऱ्या संजीवकात घड बुडवून तसे केलेले असतात, आणि आम्ही ते वापरलं नव्हतं. गोडीला काही कमी नव्हतं. दादाच्या खिशातल्या गोडी मोजायच्या मीटरवर १९ ब्रिक्स आलं. तो मीटर बघून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाला, "बरं हाय."

एक घड आंब्याच्या फांदीवाल्यांकडे गेला. मांडवाच्या पाइपांचा खर्च हिशेबात धरला तर ही द्राक्षं किलोला सात हजारांच्या आसपास पडली. हा हिशेब आमच्या ह्यांनी काढला, मी नाही.

पुढची खरड छाटणी ७ एप्रिल २०२४ला ठेवली होती, पाडव्याच्या दोन दिवस आधी. आदल्या संध्याकाळी मी सिकेटरला तेल घालत होते. सासूबाई मागच्या दाराने बाहेर गेल्या, मांडवाखालची आपली खुर्ची उचलली आणि पोर्चमध्ये नेऊन ठेवली.